डब्याखालचं तिसरं चाक

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही, हे आधीच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली. नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कुणी वाचावं असं काही नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात, आणि हसायचं असेल तर अक्षराला हसावं. त्या माणसाला आम्ही तेव्हाच पोटभर हसून घेतलं आहे.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते सरकारी रोलर चालवायचे. मोठ्या दुष्काळात माकणीच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं आणि आमच्या वस्तीतल्या पुष्कळ बायका तिथं खडी फोडायला जायच्या. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. थोरली अंगावर पीत होती. मालक सोलापूरला गिरणीत बदली कामगार होते, घरी सासूबाई आणि मी. मी कुणाशी फार बोलत नसे. शब्द यायचे, पण ओठापर्यंत येईस्तोवर दुसरीच कुणी बोलून गेलेली असायची. म्हणून बायका मला मुकी म्हणायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. लंगड्याला लंगडा म्हणतात तसं.

अण्णांचं घर रोलरच्या मागं जोडलेलं असायचं. सरकारनं राहायला तंबू दिला होता, तो त्यांनी घडी करून ठेवला होता आणि स्वतःच्या हातानं एक डबा बनवला होता. लिलावात निघालेल्या जीपच्या ट्रॉलीचा सांगाडा आणि दोन चाकं. त्यावर डांबराची रिकामी पिंपं फाडून, ठोकून सपाट केलेल्या पत्र्याच्या भिंती. आत एक बाज, एक स्टोव्ह, एक पेटी. एका अंगाला खिडकी, तिला लाकडी झडप. बाहेरून सगळ्याला चुना लावलेला. ऊन तापलं की चुन्याच्या आतून डांबराचा वास यायचा. मला तो आवडायचा. अजूनही कुठं रस्त्याचं काम चालू असलं तर मी नाकाला पदर न लावता जाते.

रोलर निघाला की डबा मागनं डुलत निघायचा. दुपारी लांबून बघितलं तर रस्त्यावर पाणी साठल्यासारखं दिसायचं आणि त्या पाण्यावर डबा तरंगायचा. चाकं दिसायची नाहीत. नुसतं पांढरं घर, त्याला एक खिडकी, सावकाश कुठंतरी निघालेलं. मी हातोडा तसाच वर धरून बघत बसायचे. मला वाटायचं, त्या खिडकीत मी बसले आहे, थोरली मांडीवर आहे, आणि गावं आपोआप मागं सरकत आहेत. कुठल्या गावाशी काही बोलावं लागत नाही. मग हातोडा बोटावर बसायचा आणि जाग यायची.

अण्णा उंच आणि किडकिडीत होते. आळंदच्या बाजूचे. गळ्यात दोऱ्यात अडकवलेलं चांदीचं लिंग, कपाळावर भस्म. त्या भस्मावर दिवसभर धूळ बसायची आणि संध्याकाळी भस्म कुठलं, धूळ कुठली, ते सांगता यायचं नाही. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि ते त्यांना कळायचंही नाही. आपण उत्तर दिलं नाही की रागवायचे.

त्यांचं एक वेड सांगते. डबा जिथं थांबेल तिथं ते चुन्याच्या भुकटीनं अंगण आखायचे. चारी बाजूंनी रेघ, एका ठिकाणी मोकळी जागा, ते फाटक. काम पुढं सरकलं की डबा थोडासा पुढं जायचा, आणि अण्णा नवं अंगण आखायचे. मागची अंगणं रस्त्याच्या कडेला एकामागं एक तशीच पडलेली असायची. कुणी रेघ ओलांडून आलं की ओरडायचे, "अव्वा, भिंत हाय तिथं! फाटकातनं या की." बायका मुद्दाम रेघ ओलांडायच्या. मी मात्र फाटकातनंच जायचे. खरं सांगते, मला ती भिंत दिसायची.

आमची पोरं त्या डब्याखाली असायची. त्या माळावर दुसरी सावलीच नव्हती, बाभळीला पानं राहिली नव्हती. आधीच्या कामावर आमच्या वस्तीतल्या पोरांना कुणाच्या तंबूच्या सावलीलासुद्धा टेकू देत नसत. इथं अण्णांनी स्वतः सांगाड्याला आकडे ठोकून दिले आणि म्हणाले, झोळ्या बांधा. जात विचारली नाही. विचारलं ते वजन. प्रत्येक पोराला हातावर तोलून बघायचे.

"किती किलोचं हाय ह्ये?"

"आण्णा, ज्वारी हाय का ती, मापून घ्यायला?" गंगाक्का म्हणाली. गंगाक्का आमच्यातली थोरली, तोंडानं फटकळ, तिला रस्त्यावरचा मुकादमसुद्धा वचकून असायचा.

"डब्याला कळाय पाहिजे ना, पोटात कोन कोन हाय ते," अण्णा म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी खायच्या तेव्हा अण्णा झोळ्यांशेजारी उकिडवे बसून पोरांशी बोलायचे. मोठ्या माणसांशी ते कामापलीकडं बोलत नसत, पण पोरांना सगळं सांगायचे. रोलर कुठं गरम होतो, साहेब काय म्हणाला, रात्री कोल्हं कसं डब्याला घासून गेलं. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. नीलव्वाची गोष्ट त्यांनी मला सांगितलेली नाही. थोरलीला सांगितली. मी चाकाला टेकून तिला पाजायला बसले होते म्हणून मला कळली.

नीलव्वा त्यांची बायको. ती आधी डब्यातच राहायची. एकदा नळदुर्गच्या अलीकडं हमरस्त्यावर डब्याचं चाक फुटलं. जादाचं चाक नव्हतं. रोलर पुढच्या कामावर पोचवायचाच होता, साहेब थांबू देईना. अण्णा म्हणाले, "तू हितंच बस, उद्या येतो चाक घिऊन." चाक मिळता मिळेना, उद्याचे पुष्कळ दिवस झाले. रात्रंदिवस ट्रका जात होत्या, जाता जाता कुणी पत्र्यावर थाप मारायचा. नीलव्वा विळा मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिली. अण्णा परत आले तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. आपली पेटी उचलली, एसटीला हात केला आणि पायरीवरून म्हणाली, "ज्ये घर माझ्या मर्जीनं थांबत न्हाय आन तुमच्या मर्जीनं चालत न्हाय, त्यात म्या ऱ्हात न्हाय. जादाचं चाक लावा. मग बलवा."

"तवापास्नं आळंदला हाय," अण्णा थोरलीला म्हणाले. "निरोप धाडला की इचारती, चाक लावलं का?"

थोरलीनं त्यांचं बोट धरून तोंडात घातलं.

मग एके दिवशी नळदुर्गाहून ते पळतच आले म्हणा. हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडं जीपचं एक चाक आलं होतं, टायर, ट्यूब, डिस्क सगळ्यासकट. जुनं, पण चांगलं. पुढच्या बाजारापर्यंत ठेवतो म्हणाला होता. अण्णांकडं पैसे नव्हते. आमची मजुरी दर शनिवारी मिळायची, पण त्यांचा पगार वरूनच अडकलेला, महिने महिने यायचा नाही. सरकारी माणूस, डोक्यावर खाकी टोपी, आणि शनिवारी तो आमच्या भिशीच्या रिंगणाबाहेर हात बांधून उभा राहिला.

भिशीचा हिशोब साधा होता. दर शनिवारी प्रत्येकीनं ठरलेले पैसे टाकायचे आणि ज्या बाईचा नंबर असेल तिनं ते सगळे उचलायचे. उचलल्यावरही फेरा संपेपर्यंत दर शनिवारी भरत राहायचं. नवं माणूस घ्यायचं तर कुणीतरी त्याच्यासाठी उभं राहायचं. त्यानं भरलं नाही तर उभी राहिलेल्या बाईनं भरायचं. त्या शनिवारचा नंबर माझा होता. मला शेळी घ्यायची होती, थोरलीला दूध पुरत नव्हतं.

अण्णांनी चाकाचं सांगितलं. बायका आधी हसल्या.

"आण्णा, तुमचा रोलर पायी चालणाऱ्या म्हातारीच्या मागं ऱ्हातो. चाक झिजायला पन येळ लागंल की!"

"बायकूला आनायचंय म्हना की सरळ."

मग गंगाक्का म्हणाली, "हसू नका गं. इचार करा. ज्याच्या घराला पाया हाय त्याला उसनं द्यावं. ह्यांच्या घराला चाकं हायत. आज हितं, उद्या कुठं? कोन उभं ऱ्हानार ह्यांच्यासाठी?"

अण्णा आपल्या पायाकडं बघत होते. पायात टायरच्याच चपला होत्या. या खेपेला शब्द ओठाशी आले तेव्हा पुढं दुसरी कुणी नव्हती.

"रोलर घिऊन कुठं पळतेत ते?" मी म्हणाले.

एवढा हशा झाला की मुकादम बघायला आला. एकीनं माझ्या तोंडावरून कडाकडा बोटं मोडली. "मुकीला वाचा फुटली गं बाई!" गंगाक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून ती म्हणाली, "बरं. तुझा नंबर ह्यांना, ह्यांचा शेवटचा तुला. जामीन पन तू. बुडालं तर भरायचं पन तूच. कबूल?"

मी मान हलवली. शेळी मनातल्या मनात दावं तोडून गेली.

चाक एसटीच्या टपावरून फाट्यापर्यंत आलं. तिथून अण्णांनी ते हातानं घरंगळत आणलं. मी लांबून बघितलं. उन्हाच्या पाण्यातून एक उंच माणूस आणि एक गोल चाक बरोबरीनं चालत येत होते, बोलत. जवळ आल्यावर कळलं, बोलत अण्णाच होते. कानडीत.

चाक बसवायचं कुठं? डब्याच्या आत ठेवलं तर बाज निघाली असती. दाराबाहेर टांगलं तर कुणी चोरलं असतं. अण्णा म्हणाले, डब्याच्या पोटाखाली, आडवं. नळदुर्गच्या लोहाराकडून दोन लोखंडी पट्ट्या आणि एक लांब बोल्ट करून आणला होता. पट्टी खालून चाकाला धरणार, बोल्ट डिस्कमधून वर सांगाड्यात जाणार, वर नट. शिवाय एक साखळी, बोल्टनं दगा दिला तर. पहिल्यांदा त्यांनी ते अगदी मागच्या टोकाला बसवलं. दिवसभर खपले. संध्याकाळी डबा रोलरपासून सोडला तर त्याचं नाक वर उठलं आणि शेपूट जमिनीला टेकलं. आतली भांडी खडखडत मागं गेली. उलाळ बैलगाडी असते ना, तसं.

"मागं वजन न्हाय चालत," अण्णा म्हणाले आणि झोळ्यांकडं बघत राहिले. कारण मागं नाही तर चाकांच्या पुढं, आणि पुढं आमच्या झोळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चाक अंगणात पडून होतं, चिमण्या त्याच्या कडेवर बसायच्या. शेवटी थोरलीला म्हणाले, "नीलव्वाला कसं सांगू? चाक हाय पन टांगायला जागा न्हाय? ती म्हनंल, लेकरं काढा. आन लेकरं कुठं जातील?"

मी ते गंगाक्काला सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते दुसरं बोलणं असावं. गंगाक्का तडक फाटकातनं आत गेली. फाटकातनं, हे महत्त्वाचं आहे.

"आण्णा, चाक वर पोटाशी बसवा आन झोळ्या त्याच्या खाली. पन एक सांगते. ते चाक लेकरावर पडलं तर?"

"पडत न्हाय."

"कशावरनं?"

त्याचं उत्तर अण्णांनी तोंडानं दिलं नाही. चाक सांगाड्याला घट्ट बसवलं, साखळी घातली. मग स्वतःचं घोंगडं झोळीसारखं आकड्यांना बांधलं, चाकाच्या बरोबर खाली, आणि मुकादमाला म्हणाले, "रोलर चालू करा. मी खाली झोपतो. न बसलेल्या खडीवरनं वढा."

"आण्णा, डोकं फिरलंय का तुमचं? रोलर सरकारी हाय."

"रोलर सरकारी, मी पन सरकारी. सरकारनं सरकारला वढलं तर तुमचं काय जातंय?"

मुकादमाला रोलर जेमतेम यायचा. तो चढला. अण्णा घोंगड्यात शिरले, पाय बाहेर राहिले, लांब होते म्हणून. रोलर धुडधुडत निघाला आणि डबा कच्च्या खडीवरून असा हादरत गेला की पत्रे वाजायला लागले. आम्ही सगळ्या पोरं काखेत घेऊन बरोबरीनं चालत होतो आणि वाकून वाकून खाली बघत होतो. चाक पोटाला चिकटून होतं. त्याच्या खाली अण्णा झुलत होते. पार पुलापर्यंत जाऊन माघारी आलो. मुकादमानं रोलर थांबवला तरी अण्णा उठेनात. गंगाक्कानं छातीवर हात मारला. मी वाकून बघितलं तर ते गाढ झोपले होते. तोंड उघडं, कपाळावर धूळ, आणि बोटं झोळीच्या काठाला धरलेली, पोरं धरतात तशी.

त्या दुपारी पोरं पुन्हा डब्याखाली गेली. थोरलीच्या डोक्यावर आता ते काळं गोल आभाळ होतं आणि ती त्याच्याकडं बघून हुंकार द्यायची.

आता त्यांची फजितीही सांगायला हवी, नाहीतर माणूस देवासारखा वाटेल. नीलव्वा येणार, ती म्हणणार, बदलून दाखवा. म्हणून अण्णांना सराव करायचा होता. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही राहिलेली मजुरी घ्यायला गेलो तर हे महाशय एका चांगल्या चाकाची हवा सोडून बसले होते. हवा गेली तसं ते चाक कडेच्या सैल भरावात रुतलं, डबा त्या अंगाला कलला आणि खाली बसला. पोट जमिनीला लागलं. आता जादाचं चाक काढायचं तर पट्टी आणि जमीन यांच्यात हातसुद्धा जाईना. जॅकनं डबा उचलावा तर जॅक कुठं? जागा वाचावी म्हणून तो त्यांनी जादाच्या चाकाच्या पोकळीत बांधून ठेवलेला. तोही खालीच.

अण्णांनी डब्याभोवती फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला फाटकातनं बाहेर जायचे आणि फाटकातनं आत यायचे.

"किल्ली कुलपाच्या आतच ठिवली की वो आण्णा!" गंगाक्का ओरडली. "बलवा, बलवा नीलव्वाला."

शेवटी बायकांनीच पहारी घातल्या, खाली दगड सारले, "हांऽ उचला गं" म्हणत त्या अंगानं डबा वर धरला. आत शिरणार कोण? सगळ्यांत बारीक मी. उताणी सरकत गेले. वर लोखंड, बाजूला लोखंड, डांबराचा वास, आणि बाहेर बायकांचे पाय, चुन्याची पांढरी रेघ, तिच्यापलीकडं सगळा माळ उलटा. मला तिथून निघावंसं वाटेना. अण्णांचा आवाज कुठूनतरी लांबून येत होता. "डावीकडं फिरव, अव्वा. सोडायचं त्ये डावीकडं. घाई न्हाय." नट गरम होता. तो फिरला तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी तिथंच, कुणाला दिसणार नाही असं, हसले.

त्यानंतर जॅक बाजेखाली गेला.

अण्णांनी काही शनिवार भिशी भरली. पगार आला नव्हता, पण काही ना काही विकून भरायचे. एकदा तंबू विकला, सरकारी. "सांगू नको कुनाला," असं थोरलीला म्हणाले. चाक लागल्याचा निरोप आळंदला गेला होता. पगार झाला की आणायला जायचं होतं.

आणि एका सोमवारी आम्ही कामावर गेलो तर रस्ता रिकामा. रोलर नाही, डबा नाही. ऑइलचा काळा डाग, डब्याच्या नाकाखालचा दगड आणि चुन्याचं अंगण. मुकादम म्हणाला, रविवारी वरून हुकूम आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वाशीकडचं काम अडलंय. मोठी ट्रक आली, रोलर तिच्यावर चढवला आणि डबा ट्रकच्या मागं बांधून नेला. अण्णा तीनदा खाली उतरले म्हणे, कुणाला तरी शोधायला. पण सुट्टीचा दिवस, माळावर कोण असणार?

"पळाला की गं रोलर!" एक म्हणाली.

त्या दिवशी पोरं उन्हात होती. अंगणाच्या रेघेवरून बायका येत जात होत्या, संध्याकाळपर्यंत रेघ पुसून गेली.

पुढच्या शनिवारपासून अण्णांचा भरणा मी भरू लागले. माझा एक, त्यांचा एक. काम बंद पडलं, पाऊस झाला, बायका खुरपायला लागल्या, तरी भिशी चालू होती. हातात उरायचं ते मिरचीपुरतं. सासूबाईंना खरं सांगायचं धाडस होईना. त्या म्हणायच्या, "तुझी मजुरी उंदरं खातेत का गं?" पण रात्री आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकायच्या, म्हणजे त्यांना कळलं असावं. पाणवठ्यावर मला बघितलं की कुणीतरी तोंडानं धुडधुड आवाज काढायची. पैशाचं मी सोसलं असतं. मला भीती दुसरी होती. जन्मात एकदा चारचौघीत बोलले होते आणि ते खोटं ठरलं तर पुन्हा तोंड उघडायची सोय राहणार नव्हती. मला वाटायचं, माणूस असंच मुकं होत जात असेल, एकेका वाक्यानं.

फेरा संपला. शेवटचा नंबर माझा, तो वाण्याच्या उधारीत गेला, आणि अण्णांचा शेवटचा भरणाही मीच भरला. गंगाक्का पैसे घेताना माझ्याकडं बघत नसे. ती एवढंच म्हणाली, "म्या तुला इचारलं व्हतं, कबूल का म्हनून." मी म्हणाले, "व्हय." बाकीच्या हसल्या नाहीत. ते हसण्याहून वाईट होतं.

ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. आम्ही रस्त्याकडंच्या रानात खुरपत होतो. सकाळची वेळ. आधी मला वाटलं कानात वाजतंय. मग गंगाक्कानं खुरपं थांबवलं. लांब, पार टेकाडावर, धुडधुड होत होतं, आणि एक काळा ठिपका आणि त्याच्या मागं एक पांढरा. हलत होते की उभे होते, कळत नव्हतं. आम्ही ओळींची एक पात संपवली, वर बघितलं तर ठिपके तिथंच. दुसरी पात संपवली. थोडे मोठे वाटले. मी गवताऐवजी ज्वारी उपटली.

रोलर यायच्या आधी एक बाईच आली. जाड, ठेंगणी, झपाझपा चालत, बगलेत पिशवी, नाकात मोठी चमकी, घामानं निथळलेली. बांधावर उभी राहून कमरेवर हात ठेवला.

"तुमच्यात ती भिशीवाली मुकी कोन?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"मी," मी म्हणाले.

"म्या नीलव्वा." ती बांधावरच फतकल मारून बसली. "पानी दे आधी. पहाटंपास्नं त्या डब्यात बसून कट्टाळले. म्हनलं तुमी या सावकाश, म्या जाते पुढं. माझ्या सावलीच्या मागं पन येत न्हाय ते घर."

मी तांब्या दिला. ती घटाघटा प्याली, तोंड पुसलं.

गंगाक्का पुढं झाली. "मग बसलीस कशाला डब्यात?"

"खाली जादाचं चाक हाय म्हनून बसले," नीलव्वा म्हणाली. "ट्रकच्या मागं बांधून डबा आळंदला घिऊन आलते, दारासमोर. म्या म्हनलं, बदलून दावा. दावलं. म्या म्हनलं, पुन्यांदा दावा. पुन्यांदा दावलं. सगळी गल्ली बघत व्हती. मंग बसले."

"आन आमच्या पोरीचे पैसे?"

"त्येच द्यायला आलेय न्हवं? पगार आत्ता झाला त्यांचा, सगळा एकदम. म्या म्हनलं मनीआर्डर करा. म्हनतेत, नाव ठावं न्हाय. पत्ता ठावं न्हाय. मुकी म्हनून मनीआर्डर घेतंय का टपालवाला?" ती माझ्याकडं वळली. "हिकडं नळदुर्गाला बदली मागून घेतली त्यांनी. रोज रात्री उठून बसायचे. त्या पोरीला लोक काय म्हनत असतील, म्हनायचे. म्या इचारलं, कोन पोरगी? मला आधी निराळाच संशय आला."

बायका हसल्या. मीही हसले, तोंडावर पदर न घेता.

नीलव्वानं कनवटीची गाठ सोडली. नोटा घामानं ओल्या झाल्या होत्या. तिनं त्या एकेक करून माझ्या हातावर ठेवल्या, दर नोटेला माझ्या तोंडाकडं बघून. कुठल्या शनिवारी त्यांनी भरलं आणि कुठल्या शनिवारपासून मी, सगळं तिला पाठ होतं. अण्णांनी करून घेतलं असणार. शेवटी जादाची एक नोट काढली. "ह्ये याज."

"नगं," मी म्हणाले.

"का गं?"

"भिशीत याज नसतं."

तिनं ती नोट परत गाठीत बांधली आणि गंगाक्काला म्हणाली, "तू मोज. तू जानती दिसतीस. मागनं कुनी म्हनाय नगं."

गंगाक्कानं खुरपं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, बोटाला थुंकी लावली आणि सगळ्या बायकांसमोर नोटा सावकाश मोजल्या. मोजून झाल्यावर पुन्हा एकदा उलट्या मोजल्या. मग त्या माझ्या ओच्यात टाकून, पलीकडच्या रानातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "फिटले गं मुके, समदे फिटले."

रोलर अजून ओढ्याच्या पलीकडंच होता.